जुन्या गोमेकॉला नकाशात काय म्हणायचं?

डिचोलीकर
ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवक मिळून बनवतात त्या खुल्या नकाशावर, पणजीतल्या इमारती नीट नोंदवायला घेतल्या आहेत. मांडवीकाठच्या जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीला मी ‘बिल्डिंग=हॉस्पिटल’ हा टॅग, म्हणजे नोंदीची खूण, लावला. कुणीतरी तो बदलून ‘बिल्डिंग=ऑफिस’ केलं, शेरा मारला: ‘इथे आता रुग्णालय नाही.’ रुग्णालय बांबोळीला गेलं, २००४ पासून इथे इफ्फी या चित्रपट महोत्सवाची लगबग असते, हे कुणाला माहीत नाही? पण ‘बिल्डिंग’ या टॅगमध्ये वास्तू काय म्हणून बांधली ते लिहायचं, आणि आत आज काय चालतं ते ‘अॅमेनिटी’, ‘ऑफिस’, ‘टुरिझम’ अशा वेगळ्या टॅगांत, हा तिथला जुना संकेत आहे.

पणजीतला आदिलशहाचा वाडाच घ्या. १७५९ पासून तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले, पुढे सचिवालय झालं, २००० साली पर्वरीला जाईपर्यंत विधानसभा तिथेच भरायची, आता प्रदर्शनं भरतात. दर वेळी इमारतीचा प्रकार बदलायचा का? वाडा तो वाडाच.

मडगावची
मला हे पटत नाही, बाब. नकाशा आजच्या माणसासाठी असतो. रात्री आजारी माणसाला घेऊन निघालेल्याला ती इमारत रुग्णालय म्हणून दिसली तर? इतिहासासाठी ‘हिस्टॉरिक’ टॅग आहे की.

डिचोलीकर
ताई, तसं होत नाही. रुग्णालयाचं चिन्ह ‘अॅमेनिटी=हॉस्पिटल’वरून येतं, ‘बिल्डिंग’वरून नाही. ते ‘अॅमेनिटी’ मी बांबोळीलाच ठेवलंय.

अंत्रुजकर
तुम्ही दोघं ‘बांधली कशासाठी’ आणि ‘वापर काय’ यावर भांडताय. आमच्या फोंड्यात खरा घोळ तिसराच आहे: दिसते कशी. घरी बसून उपग्रहचित्रावरून आणि रस्त्यावरच्या फोटोंवरून इमारती रंगवणारे पुष्कळ झालेत. मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा कधी न पाहिलेल्या माणसाच्या नजरेने बघा. अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, कमानीच्या खिडक्या, वर कठडे, बाजूला मजल्यामजल्यांचा उंच दीपस्तंभ. तो माणूस बिनदिक्कत ‘चर्च’ लिहून मोकळा होईल. उलट १५६० ची साफा मशीद वरून बघा, उतरतं कौलारू छप्पर दिसेल. तिला कुणी ‘घर’ म्हटलं तर नवल नाही. दिसण्यावरून प्रकार ठरवूच नये. जाऊन बघितलं नसेल, कुणाला विचारलं नसेल, तर ‘बिल्डिंग=येस’ (इमारत आहे, प्रकार माहीत नाही) लिहावं आणि थांबावं. अर्धवट खरी नोंद चालेल, ठाम खोटी नको.

मडगावची
अंत्रुजकरांशी पूर्ण सहमत. पण माझा मुद्दा रुग्णालयापुरता नव्हता. सासष्टीतली घरं बघा. बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) तसाच, खिडक्यांना शिंपले तसेच, आणि दाराला कुलूप; मालक लिस्बनला नाहीतर आखातात. शेजारच्याचं होमस्टे झालेलं. नकाशात मात्र ओळीने ‘बिल्डिंग=हाऊस’. पूर आला की स्वयंसेवक याच इमारतींवरून कुठे किती माणसं असतील याचा अंदाज बांधतात. तुम्ही म्हणता दोन टॅग लावा. व्यवहारात पहिलाच भरला जातो, दुसरा रिकामा राहतो. मग त्या पहिल्यात आजची स्थिती असू दे.

डिचोलीकर
दुसरा रिकामा राहतो हे खरं, आणि ते वाईट आहे. पण त्यावर उपाय म्हणजे दुसरा भरणं. आजच्या वापरासाठी ‘बिल्डिंग:यूज’ आहे, ओसाड घरासाठी ‘अबॅन्डन्ड’ आहे, होमस्टेला ‘टुरिझम=गेस्ट_हाऊस’. वापर दर मोसमाला बदलतो, पावसाळ्यात होमस्टेही बंद असतात. भिंती तशा बदलत नाहीत.

अंत्रुजकर
भिंतीही बदलतात हो. बल्कांव पाडला, पुढे शटर लावलं, कौलं काढून वर स्लॅबचा मजला चढवला. ते आता घर का दुकान?

डिचोलीकर
तेव्हा ‘बिल्डिंग’ बदलायला माझी हरकत नाही. वास्तूच नवी झाली. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल थाटलं, पण तट-बुरूज उभे आहेत. त्याला मी किल्लाच म्हणेन.

मडगावची
किल्ला, वाडा, गोमेकॉ तुमचे. तिथे मी ‘ऑफिस’ लिहिणार नाही, कुणी लिहिलं तर परत फिरवीन. घरांबाबत मात्र अडून राहणार. कुलूपबंद घराला ‘अबॅन्डन्ड’ म्हणणंही मला मान्य नाही, कारण मे महिन्यात माणसं येतात, गणपतीत नाहीतर नाताळात दिवे लागतात. त्यासाठी नीट टॅग सुचवा, मग पुढे बोलू.