निम्मा स्वभाव जनुकांचा?

कुणीतरी लिहिलंय, 'स्वभाव निम्मा जनुकांतून येतो, म्हणून स्वभावाला औषध नाही.' जुळ्यांच्या अभ्यासांतून ४० ते ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा निघतो खरा. पण तो लोकसमूहातल्या माणसामाणसांतल्या फरकांबद्दल असतो. माझ्या रागातला निम्मा आजोबांचा, असा हिशोब त्यातून निघत नाही. (आजोबा होतेही तापट, ते सोडा.)

मला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल जास्त पटतो. माणूस प्रसंगागणिक बराच वेगळा वागतो, हे त्याने १९६८ साली मांडलं. आमचे काका सदाशिव पेठेतल्या घरात तोंडातून अक्षर काढत नाहीत, पण सकाळी पर्वतीवर मित्र भेटले की त्यांची टकळी थांबत नाही! मग काका अबोल की बोलके?