दहा बँड एका संध्याकाळी बसतील का?

पुण्यातील नवा हेवी मेटल महोत्सव ऑगस्टमध्ये, दुपारी चार ते रात्री अकरा या वेळेत, दहा बँड घेऊन करावा, ही सूचना उत्साहवर्धक असली तरी गणितात बसत नाही. खुल्या मैदानावर ध्वनिक्षेपकाची नेहमीची मर्यादा रात्री दहापर्यंतच असल्याने हाती ३६० मिनिटे उरतात. प्रत्येक दोन बँडांमध्ये मंचबदलाला २० मिनिटे धरली, तर १८० मिनिटे त्यातच जातात आणि प्रत्येक बँडच्या वाट्याला जेमतेम १८ मिनिटे येतात. दुपारी दोनला सुरुवात करून सातच बँड घ्यावेत. ड्रमसंच सर्वांसाठी एकच ठेवून फक्त स्नेअर (लहान ड्रम), सिंबल (झांजा) आणि पायाने वाजवायचे पेडल बदलल्यास मंचबदलाचा वेळ आणखी वाचेल.

क्रमाबाबत माझे मत असे, की गटस्लिटसारख्या ब्रुटल डेथ मेटल (मेटलचा अतिशय आक्रमक, गुरगुरत्या गायकीचा प्रकार) वाजवणाऱ्या बँडनंतर लगेच त्याच जातीचा दुसरा बँड न आणता क्रिप्टॉससारखा पारंपरिक हेवी मेटल वाजवणारा बँड ठेवावा, म्हणजे कान थकत नाहीत.

ऑगस्टचा आग्रह मात्र सोडावा. वाकेन या गावचा प्रसिद्ध मेटल महोत्सव ऑगस्टच्या सुमारास चिखलातही रंगतो, हे खरे. पण तो जर्मनीतला उन्हाळा असतो, आपल्याकडचा भर पावसाळा नव्हे. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, फेब्रुवारीपासून परीक्षा. त्यामुळे जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार मला सोयीचा वाटतो.