मत नसले तरी म्हणणे मांडता येते

‘वापरकर्त्यांना मतदानाचा हक्कच नाही, मग तक्रार करून उपयोग काय?’ हा मुक्त सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या) प्रकल्पांबाबत विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. पण डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणकप्रणालीचे उदाहरण पाहता उत्तर इतके निराशाजनक वाटत नाही. डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारात वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना प्राधान्य देण्याचे वचन आहे. मात्र ठरावावर मत देतात ते प्रकल्पाचे सदस्यच, आणि त्यांच्या घटनेनुसार कोणावरही कामाची सक्ती करता येत नाही. त्यामुळे ‘हे ताबडतोब करा’ हा सूर तिथे चालत नाही (खरे तर तो कुठेच चालू नये).

दोषनोंदणी, म्हणजे सॉफ्टवेअरमधील चुका कळवण्याची सोय, मात्र सर्वांना खुली आहे. पॅकेजची (म्हणजे ज्यात चूक आढळली त्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती कोणती, काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले हे त्रुटीच्या संदेशासह जसेच्या तसे लिहिले, तर स्वयंसेवकाला कामाला हात घालता येतो.

धोरणाचा प्रश्न असेल तर वाट लांबची असते. वाय-फायचे फर्मवेअर (ते उपकरण चालण्यासाठी त्यात भरावे लागणारे सॉफ्टवेअर) मुक्त नसल्यामुळे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसे, आणि नेटवर्कच न मिळाल्याने अनेकांची स्थापना अर्ध्यावर अडे. ही अडचण वर्षानुवर्षे मांडली गेली. अखेर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने धोरण बदलले आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते फर्मवेअर समाविष्ट झाले. असा ठराव सदस्यानेच मांडावा लागतो आणि त्याला इतर सदस्यांचे अनुमोदन लागते. तेव्हा आपले म्हणणे पटलेला एखादा सदस्य आधी शोधावा, हे उत्तम.