झ्युराची ‘व्हँ झोन’: बाटली ६२० मिलीलीटरचीच का?

मधलीसुट्टी: पूर्व फ्रान्समधल्या झ्युराची ही पिवळी वाइन भेट मिळाली आहे. बाटली ७५० ऐवजी ६२० मिलीलीटरची! असं का? आणि प्यायची कशी?

द्राक्षवेल: या बुटक्या बाटलीला ‘क्लाव्हलँ’ म्हणतात. सावान्यँ द्राक्षाची वाइन आंबून झाली की ओकच्या पिंपात ठेवतात, बहुधा २२८ लिटरच्या. एरवी पिंपातली वाइन उडून होणारी घट लगेच भरून काढतात. इथे मुद्दाम नाही. रिकाम्या जागेत वाइनवर यीस्टची पातळ साय धरते. किमान ६० महिने तिच्याखाली काढावे लागतात. एवढ्यात लिटरमागे साधारण ६२० मिली उरतं, म्हणून ते माप. साय फाटली तर हवा थेट लागते, व्हिनेगरचे जिवाणू माजतात आणि पिंप हातचं जातं. म्हणून नमुने सतत तपासतात.

तळघर: ही वाइन करणारं झ्युरातलं शातो-शालों गाव तर फारच कडक. द्राक्षं मनासारखी नसली तर त्या वर्षी गावाच्या नावाने वाइनच नाही. १९७४, १९८० आणि १९८४ असेच गेले. झ्युरातल्याच आर्ब्वा गावाच्या वाइनला १९३६ मध्ये, फ्रान्समधल्या पहिल्याच खेपेत, मूळस्थानाचं कायदेशीर नामांकन (एओसी) मिळालं. लुई पाश्चर तिथेच वाढला.

मधलीसुट्टी: आणि पिणं?

द्राक्षवेल: १४ ते १६ अंश. फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका, अक्रोडाचा वास दबतो. काही तास आधी उघडा. सोबत जुनं कोंते चीज. उरली तर बूच लावून ठेवा, आठवडे टिकते.