आयर्नची गोळी रोज दोनदा की एक दिवसाआड? सल्ला हवाय

पाखाडीवरची
नमस्कार मंडळी, मी गुहागर तालुक्यातली. परवा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९ आलं. घरून रस्त्यापर्यंत पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना मधे थांबावंच लागतं, धाप लागते, केस पण खूप गळतायत. डॉक्टरांनी १०० मिलीग्रॅमवाली आयर्नची गोळी सकाळ-संध्याकाळ दिलीय. पण घेतली की तासाभरात मळमळायला लागतं, पोट साफ होत नाही आणि संडासला काळं होतं म्हणून सासूबाई घाबरल्यात. मुंबईची नणंद म्हणते एक दिवसाआड एकच घे, उलट जास्त लागू पडते. कमी घेऊन जास्त कसं लागू पडेल? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज. दिवस गेलेले नाहीत, मुलगा सहा वर्षांचा आहे.

लॅबवाला चिपळूण
ताई, नणंदेचं म्हणणं खरं आहे. आपल्या लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं हार्मोन सुटतं, ते आतड्यातून लोह रक्तात जायचं दार बंद करतं. ६० मिलीग्रॅम किंवा जास्त लोहाची गोळी घेतली की हे हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास वाढलेलंच राहतं, म्हणजे संध्याकाळची दुसरी गोळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळचीसुद्धा बंद दारावर जाते. रक्तात गेलं नाही ते लोह आतड्यात पडून राहतं आणि त्यानेच मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या बायकांवर हे मोजलं होतं, रोज घेणाऱ्यांच्यात गोळीतलं साधारण १६ टक्के लोह अंगी लागलं आणि एक दिवसाआड घेणाऱ्यांच्यात २२ टक्क्यांच्या आसपास. तोच डोस दिवसातून दोनदा विभागून घेऊनही काही फायदा दिसला नाही.

पण एक लक्षात घ्या, त्या बायकांचं हिमोग्लोबिन तुमच्याइतकं उतरलेलं नव्हतं. ८.९ ला काही डॉक्टर रोजचीच गोळी ठेवतात कारण लवकर वाढवायचं असतं. त्यामुळे परस्पर बदलू नका. डॉक्टरांना सरळ सांगा की दोन सोसत नाहीत, दिवसाला एक किंवा एक दिवसाआड एक चालेल का. कंटाळून गोळ्या डब्यात पडून राहण्यापेक्षा एक दिवसाआड नियमित घेतलेली केव्हाही बरी.

मालवणची सिस्टर (निवृत्त)
वरचं बरोबर आहे, फक्त हा धागा वाचणाऱ्या पोटुशी मुलींसाठी लिहिते. गरोदर असाल तर मनाने एक दिवसाआड करू नका गो. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ६० मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस असं आहे. रक्त कमी निघालं तर दोन देतात. शाळेतल्या मुलींना निळी गोळी आठवड्यातून एकच, ती रक्त कमी होऊ नये म्हणून, त्याच्याशी आपली तुलना करू नका.

आणि बाय, संडास काळी होते ती गोळीमुळेच, सासूबाईंना सांग घाबरू नका. डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी असली किंवा पोटात दुखलं तर मात्र त्याच दिवशी दाखव. दुसरं म्हणजे रक्त गेलं कुठे ते शोध. पाळीत अंगावरून जास्त जातं का? कपडा किंवा पॅड तासा-दोन तासाला बदलावा लागतो का? आपल्याकडे लावणीला बायका अनवाणी चिखलात उभ्या राहतात, तळव्यातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो, मी पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) असताना अशा किती बायका बघितल्या. जंताची गोळी डॉक्टरांना विचारून घे. गळतं भांडं किती भरणार?

कुळथाची पिठी
आमच्याकडे आईला दिलेलं तेव्हा सगळा घोळ चहाचा होता. सकाळी गोळी आणि त्यावरच कपभर चहा! चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान दोन तास लांब ठेवा. अनशापोटी पाण्याबरोबर घेतलेली सर्वात चांगली, पण मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या, जरा कमी लागू पडेल पण पोटात राहील तरी. जेवणावर लिंबू पिळा. तिसऱ्या, कालवं (शिंपल्यातली मासळी), मटणाची कलेजी यातलं लोह पालेभाजीपेक्षा सहज लागू पडतं. शेवग्याचा पाला, टाकळा जरूर खा, पण ८.९ नुसत्या खाण्याने वर येत नाही, गोळी लागतेच. आणि त्या गोळ्या मुलाच्या हाती लागणार नाहीत अशा उंच ठेवा, लाल दिसतात म्हणून पोरं गोळ्या-चॉकलेट समजून खातात आणि लहान मुलाला ते विष आहे.

पाखाडीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले एक दिवसाआड सकाळी एक घे, महिन्याने हिमोग्लोबिन परत करू, तेवढ्यात हललं नाही तर शिरेतून द्यायचं बघू. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पण करायला सांगितलंय, जंताची गोळी दिली आणि पाळी जास्त जाते म्हणून सोनोग्राफी लिहून दिली. एकच राहिलं, मी सकाळी थायरॉइडची गोळी पण घेते, दोन्ही एकदम चालतील का?

लॅबवाला चिपळूण
नाही ताई, एकदम नको, लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतं. मधे ४ तास हवेत. थायरॉइडची पहाटे उठल्या उठल्या घ्या आणि आयर्नची दुपारी जेवणाआधी किंवा रात्री झोपताना, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. हिमोग्लोबिन १२ वर गेलं तरी लगेच बंद करू नका हां, शरीरातला साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात, बहुतेक जण तिथेच सोडतात आणि वर्षाच्या आत परत आमच्याकडे येतात.