अनुभव धागा: आपण यमकात बोलतोय हे नाटकातल्या पात्राला कळतं का?

संगीत नाटकात पात्र साधं बोलता बोलता गायला लागतं, ओळीमागून ओळ यमक जुळतं, पण समोरचा ‘वा, काय जुळवलंस!’ असं कधी म्हणत नाही. त्यांना ते ऐकू येतं का? काम केलेल्यांनी, साथ केलेल्यांनी, नुसतं पाहिलेल्यांनीही लिहा.

*

गोव्यात देवळाच्या उत्सवात ‘सौभद्र’ व्हायचं, त्यात मी सखी. सुभद्रा मला विचारते, ‘वद जाऊ कुणाला शरण’. पुढे हरण, मग चरण. मी नकळत मान डोलवायचे. मास्तर ओरडले, “अगो, ती रडतेय, तू दाद कसली देतेस?” एका प्रयोगात सुभद्रेनं ‘धरिन चरण’ऐवजी ‘धरिन पाय’ म्हटलं. अर्थ तोच, मात्राही जवळपास बसल्या. तरी पहिल्या रांगेतून एक आजोबा मोठ्यानं “चरण!” म्हणाले. सुभद्रेला फरक पडला नव्हता, पडला तो आजोबांना. वर वन्स मोअर मिळाला, त्यामुळे तेच संकट मी पुन्हा नव्यानं ऐकलं.

*

‘शारदा’ (1899) घ्या. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’, पुढे लग्नाला अजून लहान, दोन्ही कान फुटके. ही थट्टा आहे, आणि थट्टेत यमक मुद्दामच जुळवतात. उखाणा घेणाऱ्या बाईला नाव कशाशी जुळवलंय हे ठाऊक नसतं का? माझ्या मते चिडवताना कळतं, रडताना नाही.

*

‘कट्यार’मध्ये पात्रंच गवई. प्रश्न मिटला.

*

न्यू जर्सीहून. इथल्या म्युझिकलवाल्यांनी यावर बराच खल केलाय. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (1957) मधल्या मारियाच्या एका गाण्यात ‘अलार्मिंग’ला ‘चार्मिंग’ जोडलंय. गीतकार स्टीव्हन सॉन्डहाइम यांना पुढे ते खटकत राहिलं. पोर्टो रिकोहून नुकतीच आलेली पोर असं नटवं यमक कुठून आणणार? त्यांच्या हिशेबानं दाट यमक म्हणजे पात्र शिकलेलं, हुशार. पटतं मला. पात्राला कळो न कळो, त्याच्या तोंडी शोभलं पाहिजे.

*

वरच्यांना: मग आपल्याकडे काय करायचं? राजा, दासी, विदूषक, सगळे एकाच इयत्तेतले! ‘माय फेअर लेडी’ (1956) मात्र चलाख. ‘रेन’, ‘स्पेन’, ‘प्लेन’ हे एलायझाला उच्चारांसाठी घोकायला दिलेलं वाक्यच आहे, तेव्हा यमक तिला ऐकू येणारच.

*

आमच्या भागात कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेत. तिथे समोरच्याच्या यमकावर कान ठेवूनच उभं राहावं लागतं, नाहीतर जवाब चुकला आणि लोक हसले. संगीत नाटकातली माणसं एकमेकांचं इतकं नीट ऐकत असती तर ‘संशयकल्लोळ’ पहिल्याच अंकात संपलं असतं.