ग्रॅव्हिटीचं पाणी की उपशाचं?

पलूसकर: टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेचं पाणी पंपानं वर चढवणाऱ्या उपसा योजना म्हणजे वीजबिलाचा खड्डा. तेवढ्या पैशात ग्रॅव्हिटीचे, म्हणजे उतारानं आपोआप वाहणारे कालवे झाले असते. आमचा कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्याचा कृष्णा कालवा ब्रिटिशांच्या काळापासून मोटारीविना वाहतोय.

जतकर: वाहतोय, कारण तुमची रानं उताराला आहेत. जत नदीपेक्षा उंच आहे, तिथं पाणी आपणहून चढतं का? आमच्याकडं मार्च लागला की टँकरची वाट बघायची, नाहीतर मेंढरं घेऊन मुलूख सोडायचा. म्हैसाळचं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा वडील कालव्याच्या कडेला बसून राहिले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. त्याला खड्डा म्हणू नका.

पलूसकर: पण बिल कोण भरतंय?

जतकर: 81 टक्के सरकार, 19 टक्के शेतकरी. आमचा वाटा कारखाना ऊसबिलातूनच कापतो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, उशिरा आलं तरी कपात वेळेवर.

शाहूपुरी, सातारा: पलूसकरांचं अगदीच खोटं नाही. कास तलावाचं पाणी डोंगरावरून आपसूक साताऱ्यात उतरतं. शहापूर योजनेचं पंपानं चढवावं लागतं, वीज गेली की आमच्या टाक्या कोरड्या.

पाटणकर: ग्रॅव्हिटीचा हिशेब करायचा तर कोयनेचा करा. धरण 105 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं 67.5 टीएमसी कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडं विजेला दिलं. ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात पडतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. त्यासाठी आमची गावं बुडाली. दुष्काळी भागाला ते का नको?

मिरजकर: कोयनेची 1,960 मेगावॉट वीज ऐन संध्याकाळी राज्याला सावरते. ती बंद करून म्हैसाळचे पंप कशावर चालवणार?

पाटणकर: वीज तुम्हाला, पाणी कोकणाला, आणि आम्हाला काय? आजोबा पुनर्वसनाच्या जमिनीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतच गेले. सात-बारा शेवटपर्यंत हातात पडला नाही.

मिरजकर: जमिनीचं दुखणं खरं आहे, पण ते या प्रश्नात घालू नका.

पाटणकर: का नको? धरण आमच्या जमिनीवरच उभं आहे ना!

जतकर: भांडा तुम्ही. तोवर आमचा उन्हाळा येतोच.

पलूसकर: बरं, जतला उपशाशिवाय पाणी नाही, एवढं मान्य. पण इतकी वीज जाळून चढवलेलं पाणी उसाला पाटानं सोडणं मला कधीच पटणार नाही. ठिबक सक्तीचं करा.

जतकर: करा. सुरुवात खोडशीच्या कालव्यापासून करा.